दंडुक्याविना दंड

लिबर्टेरियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यायविचाराला शिक्षा दिसते ती प्रामुख्याने राज्यसंस्थेच्या हातात. रँडी बार्नेट यांनी १९७७ साली मांडलेल्या भरपाईच्या सिद्धान्तात गुन्हा हा एका व्यक्तीने दुसरीवर केलेला अन्याय ठरतो. मरे रॉथबर्ड यांच्या ‘द एथिक्स ऑफ लिबर्टी’ (१९८२) या ग्रंथात दंड घ्यावा की क्षमा करावी, हे ठरविण्याचा अधिकार पीडिताकडे जातो. या मांडणीचे बळ नाकारता येत नाही. जिथे पीडित नाही तिथे गुन्हा नाही, हे तिचे सूत्र नीतिरक्षकांच्या हातातील दंडुका काढून घेते. परंतु दंडुक्याविना होणाऱ्या दंडाचे काय?

विजय तेंडुलकरांचे १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक न्यायसंस्थेवरील टीका म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. हे वाचन अपुरे आहे. लीला बेणारेला दोषी ठरविणारे न्यायालय राज्याचे नाहीच; ते तिच्याच हौशी सोबत्यांनी खेळ म्हणून मांडलेले आहे. तिला नोकरीतून काढण्याचा निर्णयही शिक्षणसंस्थेचा. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात ओढण्याची झटापट तेवढी लिबर्टेरियन निकषावर बळजबरी ठरेल. उरलेले सारे, म्हणजे सोबत्यांनी मत बनविणे, संस्थेने करार संपविणे, समाजाने पाठ फिरविणे, ज्याच्या त्याच्या स्वातंत्र्यात बसते. बेणारे निर्दोष, आणि तिला उद्ध्वस्त करणारेही जवळजवळ निर्दोष!

रॉथबर्ड बहिष्कार मूलतः वैध मानतात, ती या तर्काचीच परिणती होय. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये राजकीय जुलमापेक्षा सामाजिक जुलूम अधिक भयंकर असल्याचे बजावले होते. जातपंचायतही राज्याविना न्यायदान करते, दंड वसूल करते, वाळीत टाकते. म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा करावा लागला.

ज्याला जाच वाटतो त्याने समूहातून बाहेर पडावे, हे यावरचे ठरलेले उत्तर. पण वाळीत टाकणे ही बाहेर काढण्याचीच शिक्षा आहे; तिच्यावर उतारा म्हणून बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य देऊ करणे ही क्रूर थट्टा होय. राज्याच्या न्यायालयाविरुद्ध निदान वरच्या न्यायालयात दाद मागता येते. बेणारेला कोणाकडे दाद मागता येते, हे सांगितल्याखेरीज राज्यमुक्त न्यायाचा सिद्धान्त पूर्ण होत नाही.