घरची शाळा : चार बाजू आणि एक कर्ण

लहान मुलांस आकृति शिकविण्याची जी रूढ रीति आहे, तींत मुलाचे डोळे शिकतात, बुद्धि मात्र उपाशी राहते, असें आमचें पुष्कळ दिवसांचें मत आहे. चौथीपांचवींतील मुलास विचारावें, "चौरस म्हणजे काय?" "ज्याच्या चारी बाजू सारख्या तो चौरस," असें उत्तर तें तत्काळ देईल, आणि वडील मंडळीही समाधानानें मान डोलावतील. तेव्हां त्याच्या पुढें एक शंकरपाळें ठेवावें आणि म्हणावें, "बाळ, ह्याच्याही चारी बाजू सारख्याच आहेत, मग हाही चौरसच काय?" मूल घुटमळतें. "नाहीं, हें तिरकें आहे," असें तें म्हणेल. परंतु तिरकें म्हणजे काय, हें त्यास सांगतां येणार नाहीं. ह्या एका शब्दांत भूमितीचा मोठा पाठ दडलेला आहे, आणि तो उलगडून दाखविण्यास पाटीपुस्तकाचीही गरज नाहीं.

रात्रीं मूठभर हरभरे भिजत घालावे. सकाळीं खराट्याच्या बारीक काड्यांचे पांच पांच बोटें लांबीचे सारखे तुकडे करावे. काड्यांचीं टोंकें हरभऱ्यांत खुपसून मुलाकडूनच तीन काड्यांचा एक त्रिकोण व चार काड्यांचा एक चौकोन करवून घ्यावा, आणि दोन्ही आकृति हलक्या हातानें दाबून पाहावयास सांगावें. त्रिकोण जागचा हलत नाहीं. चौकोन मात्र लागलीच कलतो. पाहतां पाहतां त्याचें शंकरपाळें होतें, आणि आणखी दाबल्यास तो निजल्यासारखा चपटा होतो. येथें शिकविणारानें मौन धरावें आणि एवढेंच विचारावें, "एखादी काडी लहानमोठी झाली काय?" नाहीं. "मग बदललें काय?" थोडा वेळ दिल्यास कोन बदलले, हें मूल आपण होऊन सांगेल. स्वतःच्या तोंडून निघालेलें हें उत्तर तें सहसा विसरत नाहीं.

आतां व्याख्या सांगण्यास हरकत नाहीं. चारी बाजू सारख्या असल्या कीं तो समभुज चौकोन. त्याचे चारी कोनही काटकोन असले तर तोच चौरस. म्हणजे प्रत्येक चौरस हा समभुज चौकोन आहे, परंतु प्रत्येक समभुज चौकोन हा चौरस नव्हे. जसा प्रत्येक आंबा हें फळ आहे, पण प्रत्येक फळ आंबा नव्हे. त्याचप्रमाणें चारी कोन काटकोन असले कीं तो आयत, म्हणून चौरस हा आयतही ठरतो. मुलांस हें प्रथम चमत्कारिक वाटतें, कारण चित्रांत चौरस आणि आयत हे निरनिराळ्या नांवांनीं शेजारीं शेजारीं काढलेले असतात. तोच चौरस एका कोनावर उभा करून दाखविला, तर "हा चौरस नव्हे" असें म्हणणारीं मुलें थोडीं नाहींत. आकृतीचें नांव तिच्या तोंडवळ्यावरून नव्हे, तर गुणांवरून ठरतें, हें येथें त्यांच्या मनावर ठसवावें.

त्रिकोण कां हलत नाहीं? तीन बाजूंच्या लांब्या एकदां ठरल्या, कीं त्यांपासून एकच त्रिकोण होऊं शकतो. कोनांस इकडे तिकडे होण्यास वावच उरत नाहीं. चौकोनाच्या चार बाजू ठरल्या तरी कोन मोकळे राहतात. तो हलूं नये असें वाटत असेल तर समोरासमोरच्या दोन कोनांमध्यें पांचवी काडी, म्हणजे कर्ण, बसवावा, म्हणजे एका चौकोनाचे दोन त्रिकोण होऊन तो ताठ उभा राहतो. मात्र पांच बोटांचीच काडी बसविली तर चौरस साधत नाहीं. त्यास सात बोटांहून केसभर अधिक लांब काडी लागते. फळ्यांच्या फाटकावर सुतार जी तिरपी पट्टी ठोकतो, ती ह्यासाठींच. दाराची चौकट बसवितांना तो दोन्ही कर्ण मोजून पाहतो, त्याचें इंगितही हेंच. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, म्हणजे चौकट काटकोनांत आहे. १९४३ मध्यें खुला झालेला कलकत्त्याचा हावडा पूल पाहावा. त्याच्या पोलादी सांगाड्यांत जिकडे तिकडे त्रिकोणच दिसतील.

हा केवळ मुलांचा खेळ आहे असें कोणी समजूं नये. एखाद्या जागेच्या चारी बाजू २५ फूट आहेत, एवढेंच कागदावर लिहिलेलें आहे असें समजा. जागा चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५ चौरस फूट. परंतु ती कललेली असून तिचे कर्ण ३० व ४० फूट असतील, तर क्षेत्रफळ ६०० भरेल. आणि कर्ण १४ व ४८ फूट असतील, तर अवघें ३३६! समभुज चौकोनांत कर्णांच्या गुणाकाराची निमपट हें क्षेत्रफळ असतें, त्यावरून हा हिशेब कोणासही ताडून पाहतां येईल. तिन्ही जागांस कुंपण मात्र १०० फुटांचेंच. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याचा जो ढोबळ हिशेब कित्येक ठिकाणीं करतात, तो तिन्ही वेळां ६२५ हेंच उत्तर देईल. केवळ बाजूंवर विश्वासणारा गृहस्थ २८९ चौरस फुटांस मुकेल आणि त्याचा पत्ताही त्यास लागणार नाहीं.

आपल्या पूर्वजांस हें मर्म चांगलें ठाऊक होतें. चार बाजूंवरून चौकोनाचें क्षेत्रफळ काढण्याचा एक सुंदर नियम ब्रह्मगुप्तानें ६२८ मध्यें सांगितला. परंतु ज्याचे चारी कोनबिंदु एका वर्तुळावर येतात, अशाच चौकोनास तो बरोबर लागतो. ११५० मध्यें रचलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनीं हा नियम त्रिकोणास स्फुट, म्हणजे बिनचूक, पण चौकोनास अस्फुट आहे असें स्पष्ट म्हटलें. त्यांचेंच उदाहरण घ्या : भूमि १४, मुख ९, दोन भुज १३ व १२, आणि लंब १२. नियमानें उत्तर १९८०० चें वर्गमूळ, म्हणजे १४१ हून किंचित् कमी येतें. खरें क्षेत्रफळ १३८ आहे. इतकें सांगून आचार्य थांबले नाहींत. कर्ण किंवा लंब न सांगतां चौकोनाचें नेमकें फळ विचारणारा पिशाच होय, आणि त्यास उत्तर देणारा तर त्याहूनही मोठा पिशाच, असा त्यांनीं विनोद केला आहे. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील शिलालेखांत आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. ज्या भूमींत त्यांची विद्या अशी जपली गेली, तेथील मुलांनीं "चारी बाजू सारख्या तो चौरस" एवढ्यावर संतुष्ट राहावें, हें बरें नव्हे.

तात्पर्य, मुलानें उत्तर दिलें कीं "शाबास" म्हणण्यापूर्वीं "कशावरून?" असें प्रेमानें विचारण्याची संवय वडील माणसांनीं लावून घ्यावी. जें मूल शंकरपाळ्याविषयीं कशावरून हें सांगूं शकेल, तें पुढें जमिनीच्या कागदावरही कर्ण कोठें आहे असें विचारील. पुढील महिन्यांत आम्ही वाटी, दोरा व पट्टी घेऊन वर्तुळाकडे वळूं. तोंवर हरभरे भिजत घालावे.