विश्लेषण : दुकानातून घरी आलेल्या औषधाची जबाबदारी कोणाची?

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध दुकानात असते तोवर त्यावर परवाना, फार्मासिस्ट, नोंदवही आणि औषध निरीक्षक यांची देखरेख असते. पिशवीतून ते घरी आले की ही देखरेख संपते. चांदवड तालुक्यात उन्हाळ्यात पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापते, मळ्यातल्या वस्तीवरून दवाखाना लांब पडतो आणि आजीच्या साखरेच्या गोळ्यांपासून नातवाच्या सिरपपर्यंत सगळे एकाच पिशवीत खुंटीला टांगलेले असते. अशा घरात औषध सुरक्षित कसे राहील? नियम काय सांगतात आणि कुठे कमी पडतात?

कफ सिरपच्या प्रकरणातून काय दिसले?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ हे कफ सिरप घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. वीसहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार सुरू होते. तमिळनाडूतील कांचीपुरम येथे तयार झालेल्या या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळले. त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राला हे रसायन नवे नव्हते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे रुग्णांचे बळी गेले होते आणि त्यानंतर न्या. लेंटिन आयोग नेमला गेला होता.

दोष कारखान्याचा होता, घराचा नव्हता. तरीही या प्रकरणाचा शेवटचा धागा घरापर्यंत येतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या बॅचचा वापर तातडीने थांबवण्याचे आणि बाटली आढळल्यास कळवण्याचे आवाहन केले. दुकानातला साठा निरीक्षक जप्त करू शकतो. घरातली अर्धी बाटली मात्र घरच्यांनीच ओळखावी लागते, आणि त्यासाठी बाटलीवर लेबल शाबूत असावे लागते. खोके फेकलेले, लेबल चिकट होऊन निघालेले किंवा सिरप दुसऱ्या बाटलीत ओतलेले असेल, तर सरकारी इशारा त्या घरापर्यंत पोहोचूनही उपयोगाचा नसतो.

त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. म्हणजे थोरल्याचे उरलेले सिरप धाकट्याला पाजणे हा बॅच चांगली असली तरी धोकाच आहे.

कापलेली पट्टी का घातक?

दहा गोळ्यांच्या पट्टीतून तीनच गोळ्या कापून घेणे ग्रामीण भागात नेहमीचे आहे. पैसे वाचतात, म्हणून त्यात गैर काही वाटत नाही. पण औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत बहुतेक वेळा पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते. तो तुकडा दुकानात राहिला की घरी येते ते निनावी औषध. दोन महिन्यांनी ती गोळी रक्तदाबाची की पित्ताची, हे फक्त रंगावरून ठरवले जाते.

केंद्र सरकारने ३०० प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर १ ऑगस्ट २०२३ पासूनच्या उत्पादनासाठी क्यूआर कोड सक्तीचा केला. मोबाइलने तो तपासता येतो. पण कापलेल्या तुकड्यावर कोडच आला नाही, तर त्या सोयीचा काय उपयोग? उपाय साधा आहे. सुट्या गोळ्या घेताना छापील टोकाचा तुकडा मागावा. तो मिळाला नाही, तर दुकानदाराकडून पाकिटावर नाव, बॅच आणि मुदत लिहून घ्यावी. बिल जपावे, कारण त्यावर बॅच क्रमांक असतो.

‘३० अंशांखाली ठेवा’ म्हणजे कुठे?

बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर ३० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात, उजेड आणि ओलाव्यापासून दूर ठेवण्याची सूचना असते. शेजारच्या मालेगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपुढे जाणे नवे नाही. चांदवडचा उन्हाळा त्याच पट्ट्यातला. मग हे ३० अंश आणायचे कुठून?

दुपारचे काही तास तापमान वाढले म्हणून बहुतेक गोळ्या लगेच वाया जात नाहीत. नुकसान होते ते रोजच्या तापण्याने. त्यामुळे संपूर्ण घर थंड ठेवण्यापेक्षा घरातली त्यातल्या त्यात थंड आणि कोरडी जागा निवडणे महत्त्वाचे. पत्र्याखालची फळी, चुलीजवळचा कोनाडा, ऊन येणारी खिडकी, चालू फ्रीजचा किंवा टीव्हीचा माथा, मोटारसायकलची डिक्की या जागा बाद. मातीच्या किंवा दगडी भिंतीलगतचे, जमिनीपासून थोडे वर असलेले आतल्या खोलीतले कपाट बरे. न्हाणीघरात ओलावा असतो, तिथेही नको. सगळी औषधे सरसकट फ्रीजमध्ये कोंबणेही चुकीचेच. वेष्टनावर तसे लिहिले असेल तरच फ्रीज.

गोळीचा रंग बदलला, ती मऊ किंवा चिकट झाली, कॅप्सूल एकमेकांना चिकटल्या, सिरपचा वास बदलला, तर मुदत शिल्लक असली तरी ते औषध घेऊ नये.

इन्सुलिन आणि वीज गेल्यावर

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी चालते. नेमके दिवस वेष्टनातल्या माहितीपत्रकात असतात. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यालगत ठेवल्याने गोठलेले इन्सुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही.

फ्रीज नाही किंवा वीज तासन्‌तास जाते, अशा घरांत माठ उपयोगी पडतो. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके ठेवायचे, मडक्यात कोरड्या बंद डबीत इन्सुलिन आणि वर ओले फडके. कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होऊन आतले तापमान बरेच उतरते. चांदवडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगले साधते, पावसाळी दमट हवेत कमी.

याला अभ्यासाचाही आधार आहे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियातील दागाहाले निर्वासित छावणीच्या परिस्थितीवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान २५ ते ३७ अंशांत वरखाली होत असताना चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकून राहिली. मात्र ही खात्री ३७ अंशांपर्यंतचीच आहे. ४२ अंशांच्या दुपारी माठाची गरज उरतेच.

लाल रेघ कशासाठी?

पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही असे औषध. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’ मधील औषधांसाठी नियम आणखी कडक आहेत. काही प्रभावी अँटिबायोटिक, क्षयाची औषधे, झोपेची व चिंतेची अल्प्राझोलामसारखी औषधे त्यात येतात. दुकानदाराने अशा प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपायची असते.

ही नोंद विक्रीची असते, वापराची नाही. ‘मागच्या वेळी याच गोळीने बरे वाटले’ म्हणून उरलेले अँटिबायोटिक शेजाऱ्याला दिले जाते, तेव्हा नोंदवहीला त्याचा पत्ता नसतो. चुकीचे किंवा अर्धवट अँटिबायोटिक घेतले की आजार दबतो, पण जंतू त्या औषधाला सरावण्याची शक्यता वाढते. पाणी घालून तयार केलेले मुलांचे अँटिबायोटिक सिरप तर औषधानुसार एक-दोन आठवड्यांतच टाकून द्यायचे असते. बाटलीवर छापलेली दोन वर्षांची मुदत कोरड्या भुकटीची असते.

एकाच पिशवीत तीन पिढ्या

सर्वांत तातडीचा धोका घरातल्या लहानग्यांना असतो. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांपैकी एकही गोळी दोन-तीन वर्षांच्या मुलाने गिळली, तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते, आणि तेही काही तासांनी. म्हणून ‘खेळतोय ना, मग बरा आहे’ असे समजून थांबू नये. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. पट्टी सोबत घेऊन १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे.

शेतकरी घरात आणखी एक काळजी असते. जनावरांची औषधे आणि फवारणीची रसायने माणसांच्या औषधांपासून वेगळ्या, कुलूपबंद जागी हवीत. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत औषध किंवा कीटकनाशक कधीही ओतू नये. वयस्कांसाठी सकाळ-रात्रीच्या खणांचा डबा उपयोगी आहे, पण मूळ पट्टी जपूनच.

मुदत संपलेले औषध टाकायचे कुठे?

घन कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार मुदतबाह्य औषधे आणि वापरलेल्या सुया हा घरगुती घातक कचरा ठरला. तो गोळा करण्यासाठी केंद्रे उभारण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकण्यात आली. मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मार्गदर्शक सूचना काढून राज्यांचे औषध विभाग आणि केमिस्ट संघटनांनी मिळून औषधे परत घेण्याची केंद्रे सुरू करावीत, असे सुचवले. फेंटानिल, ट्रामाडोल, डायझेपाम अशी १७ औषधे मात्र घरात पडून राहणेच जास्त घातक असल्याने शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे त्यात म्हटले आहे. बाकीची औषधे नाल्यात किंवा उघड्यावर टाकू नयेत, कारण ती पाण्यात, मातीत आणि जनावरांच्या पोटात जातात.

हे शक्य आहे, हे केरळने दाखवले. कोझिकोड महापालिका आणि उळ्ळ्येरी ग्रामपंचायतीत २०२५ मध्ये ‘एन-प्राउड’ योजनेतून घरातली निरुपयोगी औषधे गोळा करायला सुरुवात झाली.

पुढे काय?

चांदवडमध्ये नगरपरिषद, उपजिल्हा रुग्णालय आणि औषध दुकाने आहेत. यांतल्या एका ठिकाणी औषधे परत घेण्याची पेटी ठेवायला मोठी यंत्रणा लागत नाही. गोळा झालेला साठा जैववैद्यकीय कचऱ्याच्या वाहनाने पुढे पाठवण्याची व्यवस्था मात्र लागते. संशयास्पद औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर करता येते. तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न बॅच क्रमांकाचा असतो. त्याचे उत्तर घरातल्या त्या कापलेल्या पट्टीवर असेल, तरच पुढचा तपास सुरू होतो.