मातीविना खरी, पण रसायनाविना?

मंडळी, आमच्या पुतण्याने गच्चीवर मातीविना भाजी लावली आहे. बादल्यांत कोकोपीट, प्रत्येक टोमॅटोला ठिबकची नळी. झाडं जोमदार आहेत, नाही म्हणत नाही. पण "काका, एकदम केमिकल-फ्री!" हे खटकतं. अरे, टाकीत ओततोस ते कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट काय देवाचं तीर्थ आहे? दोन्हींची घट्ट द्रावणं एकदा एकत्र केलीस, तर जिप्सम साचून ड्रीपर बुजले. ('अ' आणि 'ब' बाटल्या वेगळ्या असतात त्या यासाठीच, बरं का.) आणि गावाकडे युरिया टाकणाऱ्या सख्ख्या भावाला मात्र "विष पिकवतोस" म्हणून सुनावतोस! त्या युरियाचंही मातीत शेवटी नायट्रेटच होतं. फवारणी करत नाहीस ना, मग तेवढंच सांग. टोमॅटोचं सार छान झालं होतं. दिवाळीला गावी जाशील तेव्हा आधी दादाशी बोल.