वाकळीच्या कोपऱ्यात एक नाव

रमजान जवळ आला की आमच्या आष्ट्याच्या घरात ट्रंका उघडल्या जातात. यंदा एका ट्रंकेच्या तळाशी जुनी वाकळ निघाली. गच्चीवर उन्हात पसरली आणि एकेक ओळख पटू लागली. हा अब्बांच्या सदऱ्याचा तुकडा, ही दादीची साडी, हा कोणाच्या तरी ईदच्या फ्रॉकचा घेर. कापडे सगळ्यांनी ओळखली. वाकळ शिवली कोणी, हे मात्र कोणालाच सांगता येईना. "असेल गल्लीतली कोणी, मजुरीने शिवून देणारी," एवढेच उत्तर मिळाले. सांगू शकणारी माणसे आता हयात नाहीत.

चिंध्यांची किंमत जगाने पुष्कळ उशिरा ओळखली. अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या साध्या घरांतल्या बायका एकोणिसाव्या शतकात गोणपाट ताणून बसवीत आणि फाटक्या कपड्यांच्या पट्ट्या आकड्याने खालून वर ओढून फासाफासांचा गालिचा भरीत. त्या गोणपाटाचा ताग आपल्याकडच्या बंगालचा. पायाखाली घालायचे ते गालिचे आज व्हरमाँट राज्यातल्या शेलबर्न म्युझियममध्ये जपून ठेवले आहेत.

जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. कडेपासून सुरुवात करून धावदोरा फिरत फिरत मध्यापर्यंत नेतात. चारही कोपऱ्यांत कापडाची घडी घालून 'फूल' बसवल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. २०११ मध्ये या कवंदींचे प्रदर्शन थेट न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात भरले होते. आपल्या वाकळीची ही सख्खी बहीणच.

हाताच्या कामाचा मान आपल्याला नवा नाही. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडी कमावीत, शिवणकाम करीत आणि येईल ती कमाई सदका करीत. ज्या पत्नीचे हात सर्वांत लांब, ती आपल्याला सर्वांत आधी येऊन भेटेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते. लांब हात म्हणजे देणारे हात, हे हजरत जैनब (रजि.) वारल्यावर सर्वांना उमगले. चौदाशे वर्षे झाली, त्यांचे नाव त्यांच्या कामासकट आपल्यापर्यंत आले. आमच्या वाकळीवरचे नाव दोन पिढ्याही टिकले नाही.

म्हणून यंदा आम्ही जुने कपडे भंगारात दिले नाहीत. गल्लीतल्या एका खालांकडे वाकळ शिवायला दिली. मजुरीत घासाघीस केली नाही. दुकानातल्या ब्लँकेटवर छापलेली किंमत आपण निमूट देतोच ना? शिवून झाल्यावर म्हटले, "खाला, कोपऱ्यात तुमचे नाव घाला." त्या हसल्या. "मेरा नाम कायकू?" म्हणाल्या. त्यांना लिहिता येत नाही. अखेर त्यांच्या नातीने खडूने अक्षरे काढून दिली आणि खालांनी त्यावरून लाल दोरा फिरवला.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरातली वाकळही एकदा उन्हात काढा. शिवणारी कोण, हे सांगणारे कोणी घरात असेल, तर आजच विचारून घ्या.