योगाचा बाजार आणि यवतमाळचा पिंजारी

यवतमाळ जिल्ह्याला पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणतात. सोने येथे पिकते, पण दागिना दुसरीकडे घडतो. इंग्रजांच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे मुख्यतः कापसासाठीच टाकली गेली. गाठी मुंबईला जात आणि तेथून मँचेस्टरला. ती गाडी पुढे बंद पडली, गाठी मात्र जातातच. म्हणजे परदेशांशी व्यापार आपल्याला नवा नाही. त्यात आपल्या वाट्याला कच्चा मालच आला, एवढेच.

पक्क्या मालाची एक वाट आम्हाला दिसते ती योगाच्या बाजारात. डिसेंबर 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 21 जून हा योगदिन ठरविला; परदेशातील योगवर्ग त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहेत. योगाचे मार्ग अनेक. ज्ञानयोग, भक्तियोग, कर्मयोग यांना बाजारातून काही लागत नाही! आसनांच्या पद्धतींचे तसे नाही. म्हैसूरच्या पट्टाभि जोईस यांच्या अष्टांग पद्धतीत आसने एकापाठोपाठ एक होतात, घाम निथळतो. म्हणून पुष्कळ साधक रबरी चटईवर सुती सतरंजी अंथरतात. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांची पद्धत निराळी. एकेका आसनात बराच वेळ थांबायचे आणि शरीराला आधार द्यायचा. त्यासाठी लोड, ब्लँकेट, पट्टे, दोर आणि लाकडी विटा लागतात. त्यांचे ‘लाइट ऑन योग’ 1966 साली इंग्रजीत निघाले आणि ही पद्धत देशोदेशी पसरली.

यातला लोड म्हणजे काय? सुमारे दोन फूट लांबीचा, घट्ट भरलेला तक्क्या. तो आमच्या पिंजारी, मन्सुरी बांधवांच्या हातचा माल आहे. फोमच्या गाद्यांनी त्यांचा धंदा बसविला, मुले दुसऱ्या कामाला लागली. परदेशात मात्र फोम नको, सुती भरण हवे असे म्हणणारा ग्राहक आहे. योगाविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. गादी शिवणारा तिच्यावर कोण निजणार हे विचारीत नाही.

हिशेब पाहा. एक क्विंटल कपाशीतून साधारण 34 किलो रुई निघते. तीन किलोचा लोड धरला तर घट सोडून दहा-अकरा लोड होतात. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. कपाशी विकली की जिल्ह्याची कमाई तेथेच थांबते. लोड केला तर पिंजणीची, शिलाईची, बांधणीची मजुरी येथेच राहते. शिवाय भरणाला लांब धागा लागत नाही. सूतगिरणीत ज्याला भाव मिळत नाही असा आखूड धाग्याचा फरदड कापूसही नीट साफ केला तर येथे खपू शकतो.

अडचणी आहेत, आणि त्या लहान नाहीत. लोड हलका, पण जागा फार खातो. जहाजाचे भाडे त्यामुळे अंगावर येते. पानिपत आणि करूरचे व्यापारी सुती मालाच्या निर्यातीत आपल्या फार पुढे आहेत. परदेशी गिऱ्हाईक शंभर नग मागवील तर शंभरही एकाच मापाचे, एकाच वजनाचे मागेल. आपल्याकडे ‘थोडे इकडे-तिकडे चालते’ ही सवय आहे, ती तेथे चालत नाही. खोळीचा रंगही तपासून घ्यावा लागेल, कारण काही अझो रंगांवर युरोपीय संघात 2003 पासून बंदी आहे. आणि सगळा माल एकाच देशाला बांधू नये. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जादा कर 50 टक्क्यांवर नेला, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबलेल्यांची त्रेधा उडाली.

एकट्या पिंजाऱ्याला हे झेपणार नाही. त्याला भांडवल हवे, इंग्रजीत पत्रव्यवहार करणारा हवा. ते आपल्या जिनिंगवाल्या आणि कापड व्यापारी बांधवांजवळ आहे. आयात-निर्यात क्रमांक आता घरबसल्या निघतो. थोडा माल टपालाने पाठवायचा तर 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू झाली आहेत. व्यापाऱ्याने रुई आणि खोळ द्यावी, पिंजाऱ्याला नगावर रोख मजुरी आणि नफ्यात ठरलेला हिस्सा द्यावा, आणि हे सारे आधी कागदावर लिहून घ्यावे. पहिल्या खेपेला वीस नमुने पुरेत.