'जुनी झाली' हे निदान नव्हे



सध्या मुक्काम भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये, मेहुण्याकडे. बाहेर अंगाची लाही होतेय आणि मी आज लिहिणार आहे बर्फावर चालणाऱ्या स्नो स्कूटरबद्दल. कारण घडलं ते मेहुण्याच्या गॅरेजात.

परवा एकजण जुनी स्कूटर घेऊन आला. "भैया, पीछे से बहुत मारती है, शॉकअप बदल दो." पोरगा पाना घेऊन शॉकअप काढायला बसलासुद्धा. मी म्हटलं, थांब, आधी मागचं चाक धरून हलवून बघ. चाक हललं आणि त्याबरोबर अख्खं इंजिन डावी-उजवीकडे डुललं. हँगरचा बुश गेला होता. शॉकअप ठणठणीत. गिऱ्हाइकाचे पैसे वाचले, आणि मला ग्लेशियरवरचे दिवस आठवले.

१३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हापासून सियाचिनवर आपली माणसं आहेत. ग्लेशियरची लांबी सुमारे ७६ किलोमीटर. हेलिकॉप्टर हवामानाच्या मर्जीवर उडतं. मधल्या सपाट पट्ट्यात सामान ओढायचं आणि आजारी जवानाला स्लेजवरून खाली आणायचं काम स्नो स्कूटर करते. मी होतो मेकॅनिक. माझ्या वाट्याला आलेली एक स्कूटर म्हातारी होती. लॉगबुकात महिनोन् महिने एकच शेरा: "पिछला सस्पेन्शन कमजोर, गाडी पुरानी." आधीच्यांनी दोनदा स्प्रिंगा बदलल्या होत्या. मीही तेच केलं. नव्या स्प्रिंगा टाकल्या, ॲडजस्टर एक खाच कडक केला. गाडी आणखीच आपटायला लागली.

त्याच गाडीला स्लेज बांधून एका रात्री छातीत पाणी झालेल्या जवानाला खाली न्यावं लागलं. प्रत्येक उंचवट्यावर गाडी आदळायची, म्हणून ड्रायव्हर जेमतेम माणसाच्या चालीनं चालवत होता. जवान वाचला. पण तो जास्तीचा वेळ मी त्याच्या छातीतून काढून घेतला होता, ही बोच अजून आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या उस्तादांनी गाडी आडवी करून मागचा सांगाडा बाहेर काढायला लावला. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रबरी पट्ट्याच्या आत दोन लांब रेल असतात, त्यांच्या खाली प्लॅस्टिकचे स्लायडर. पुढचा आणि मागचा असे दोन आर्म या रेलना चेसिसशी जोडतात. शॉकअप, पीळ बसून जोर देणाऱ्या दोन स्प्रिंगा आणि पुढच्या आर्मला आवर घालणारा एक पट्टा. हे सगळं आडव्या शाफ्टांवर फिरतं. आमचा मागचा शाफ्ट फिरतच नव्हता. बुशात ग्रीसचा थेंब नाही, नुसती लाल भुकटी. साधं ग्रीस त्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं, ते आत पोचलंच नव्हतं. शाफ्ट घासला, थंडीचं ग्रीस भरलं, ॲडजस्टर मूळ खाचेवर आणला. गाडी मऊ झाली. स्प्रिंगांचा दोष कधी नव्हताच.

तेव्हापासून मी क्रम मोडत नाही. आधी चालवणाऱ्याला विचारा. बारीक लाटांवरही गाडी ताठ लागत असेल तर जोड अडकलेत. फक्त मोठ्या खड्ड्यात तळाला आपटत असेल तर स्प्रिंग नाहीतर शॉकअप. मग आत साचलेला बर्फ पूर्ण काढा. गोठलेला गोळा चांगल्या सस्पेन्शनलाही जाम करतो. इंजिन बंद ठेवून मागची बाजू उचला, हळूच सोडा, उंची मोजा. आता दाबा, हळूच वर येऊ द्या, पुन्हा मोजा. दोन्ही मापं जवळपास सारखी यायला हवीत. चार बोटांचा फरक पडला तर घर्षण आहे, ग्रीस आणि बुश बघा.

त्यानंतर बोल्ट, चाकांची बेअरिंगं, आर्मचा खेळ. रेल वाकलीय का ते ताणलेल्या दोरीनं कळतं. बोल्टच्या भोकांपाशी तडे शोधा. आवर घालणारा पट्टा सैल किंवा तुटलेला असेल तर पुढच्या स्की हलक्या होतात आणि गाडी वळत नाही. शॉकअप सोडवून हातानं दाबा. दांड्यावर तेल असेल आणि विरोध नसेल तर तो गेला. नवी स्प्रिंग ही सगळ्यात शेवटची गोष्ट. काम झाल्यावर ट्रॅकचा ताण पुन्हा तपासा.

कोणी म्हणेल, जुनी गाडी जवानाच्या जिवावर का चालवायची, भंगारात काढा. तडा गेलेल्या रेलच्या बाबतीत मीही हेच म्हणतो. ग्लेशियरवर डागडुजी करून माणसं ओढू नयेत. पण कारण न शोधता गाडी बदलली, तर नव्या गाडीचा शाफ्टही तसाच कोरडा पडणार. दोन हिवाळ्यांत तीही "पुरानी".

म्हणून माझं मत साधं आहे. लॉगबुकात "कमजोर" हा शब्द लिहायला बंदी हवी. काय तपासलं, काय सापडलं, ग्रीस कधी भरलं ते लिहा आणि खाली सही करा. रायफल साफ न करणाऱ्या जवानाला आपण शिक्षा करतो. ग्रीस न भरता भरलं म्हणून सही करणारा मेकॅनिकही त्याच रांगेत उभा राहायला हवा. त्या रांगेत एकदा मीही होतो.

भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ ला पेटली. इथल्या जुन्या कामगारांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मेहुण्याच्या पोरालाही आता लागणार नाही. काल एक ऑटो आला, तर त्यानं पाना खाली ठेवला आणि आधी ड्रायव्हरला विचारलं, "कब मारती है? खाली में, या सवारी बैठने पर?"

जय हिंद.