भार चालू ठेवून मोजा

पावसाळा सरत आला की दुचाकीच्या गॅरेजांत ठरावीक तक्रारी सुरू होतात. नवा बसवलेला हॉर्न घोगरा झाला, फॉग लाइट लुकलुकतो, हँडलवरचा यूएसबी चार्जर मध्येच बंद पडतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी सुट्या भागाकडे जातो. हॉर्न बदलला जातो, लाइट बदलला जातो आणि तरीही भागले नाही तर बॅटरीवर ठपका येतो. बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीच्या तक्रारीत भाग बदलणे ही शेवटची पायरी असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिली पायरी म्हणजे ॲक्सेसरी चालू ठेवून, प्लस आणि अर्थ अशा दोन्ही बाजूंची व्होल्टेजची घट मोजणे.

यामागचे गणित सोपे आहे. पिळून टेप गुंडाळलेला जोड उघडला की तांब्यावर हिरवा कळंक दिसतो आणि तारेचे दोन-तीन पदरच शाबूत सापडतात. हॉर्नची वायर सोडवून मीटर लावला तर तो बिनदिक्कत १२.४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. हॉर्नची जोडी मात्र ८ अँपिअर मागते. जोडात अवघा ०.२ ओहम विरोध असला तरी १.६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि हॉर्नला ११ सुद्धा मिळत नाहीत. म्हणून हॉर्न दाबून धरावा, लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा हॉर्नच्या प्लस टर्मिनलवर ठेवावा. मीटर दाखवेल ती वाटेतली घट. मग हॉर्नचे अर्थ टर्मिनल ते बॅटरीचे मायनस असेही मोजावे. ही दुसरी मोजणी बहुतेक जण करतच नाहीत. रंगावर कसलेला बोल्ट किंवा गंजलेले थिंबल तिथेच पकडले जाते. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या वर घट दिसली, तर हॉर्नला हात लावण्याचे कारण उरत नाही.

टेस्ट लॅम्प पेटतो, मग मीटर कशाला, असे अनुभवी कारागीरही विचारतात. टेस्ट लॅम्पचा छोटा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. वरच्या खराब जोडातूनही तो झकास पेटेल. एलईडीचा टेस्टर तर त्याहून फसवा. वायर तुटली आहे की नाही, एवढेच लॅम्प सांगतो. ती भार पेलते का, हे सांगत नाही. दुसरा आक्षेप असा की बाजारातला स्वस्त मालच खराब असतो. कित्येकदा असतोही. तेही तपासता येते: फ्यूज घातलेल्या दोन जाड वायरींनी ॲक्सेसरी थेट बॅटरीला जोडावी. तिथेही ती नीट चालली नाही तर खुशाल बदलावी.

मात्र वायरिंग निर्दोष असूनही तक्रार राहू शकते, कारण गाडी तयार करते त्याहून जास्त वीज आपण मागत असतो. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये हा हिशेब टाळताच येत नाही. दोरी ओढून सुरू होणाऱ्या कित्येक मॉडेलांत बॅटरीच नसते. हँडलचे हीटर, अंगठ्याचा हीटर, हेडलाइट असे सगळे इंजिनावरच्या कॉइलमधून चालते आणि इंजिन आयडलिंगवर आले की ते पुरे पडत नाही. आपल्याकडे बॅटरी ही तूट काही दिवस झाकून ठेवते आणि शेवटी निकामी बॅटरी म्हणून तिचीच बदली होते. सगळी ॲक्सेसरी लावून, इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीवर १३ व्होल्टही मिळत नसतील, तर आधी जादा भार काढून पाहावे, मग आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) आणि कॉइल तपासावी. बंद गाडीतली गळतीही विसरू नये: जीपीएस ट्रॅकर २० मिलिअँपिअर खात असेल, तर ४ अँपिअर-तासांची बॅटरी आठेक दिवसांत रिकामी होते.

राहिला सर्वांत खरा आक्षेप: तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. भाग बदलला की हातात वस्तू दिसते, तपासणी दिसत नाही. मग ती दाखवावी. बिलावर वायरिंग तपासणीची वेगळी ओळ घालावी आणि शेजारी दोन आकडे लिहावेत: दुरुस्तीपूर्वी हॉर्नवर १०.८ व्होल्ट, नंतर १२.१. या दोन मोजण्यांना पाच मिनिटे पुरतात. चुकीचा हॉर्न बदलून गाडी आठवड्याने परत आली, तर त्या दिवशीची मजुरी कोणीच देत नाही.